डावीकडे अण्णा

"कुणाकुणाला पोहता येतं?" आमच्या कोचनं पहिल्याच सकाळी विचारलं आणि सगळ्या बायकांत माझ्या एकटीचा हात वर गेला. नुसता गेला नाही, चांगला ताठ गेला. बाकीच्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यात माझी धाकटी जाऊही होती. ती तलावाच्या पाण्यापासून शक्य तेवढी लांब, भिंतीला पाठ लावून उभी होती. त्या वेळी मला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला फार बरं वाटलं.

मी अर्धापूरकडची, केळीच्या मळ्यात वाढलेली. लग्न होऊन लातूरला आले ती भर बाजारपेठेतल्या घरात. इथं पाणी म्हणजे टाकीतलं, टँकरचं नाहीतर हंड्यातलं. अंगभर पाणी कसं असतं हे मी संसाराच्या धबडग्यात विसरूनच गेले होते. पण कुणी फारच शेखी मिरवायला लागलं की मी हळूच सांगून टाकायची, "मला पोहता येतं हं." समोरचा माणूस गप्प व्हायचा. माहेराहून आणलेल्या भांड्यांना पोचे पडले, लुगडी विरली, पण ही एक गोष्ट अजून जशीच्या तशी आहे असा माझा ठाम समज होता.

तर झालं असं, की माझा गुडघा आणि जावेची कंबर एकाच पावसाळ्यात बोलायला लागली. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला आणि तेवढ्यात गावातल्या तलावावर सकाळची महिलांची बॅच निघाली. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकता टाकता ऐकवलंच.

"ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावात तुम्ही दोघी पाण्यात लोळायला चाललात."

"लोळायला नाही, पोहायला," मी म्हणाले. "आणि मला येतंय. तिला शिकवतील."

जाऊ निलंग्याची. तिच्या आजोळी कानडी बोलतात, त्यामुळं घाबरली की तिची मराठी पळून जाते. नको म्हणायचं असलं की 'बेडा, बेडा' सुरू होतं. तलावाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना तिनं एवढ्या वेळा 'बेडा' म्हटलं, की बॅचमधल्या बायकांनी तिचं ते नावच पाडलं. मी तिला धीर दिला. "मी आहे ना," असं म्हणाले. मोठ्या जावेनं म्हणावं तसंच म्हणाले.

आमची कोच म्हणजे विशी नुकतीच ओलांडलेली मुलगी. बारीक चणीची, गळ्यात शिट्टी. मला म्हणाली, "काकू, दाखवा बरं कसं पोहता."

मी दोन पावलं मागं सरले, धावत आले आणि मुटका मारला. गुडघे छातीशी घेऊन, नाक दाबून. विहिरीत असाच मारतात. पाणी पार भिंतीपर्यंत उडालं, जावेच्या तोंडावर गेलं आणि शिट्टी वाजली. तलावात अशी उडी मारणं मना आहे हे मला वर आल्यावर कळलं. मग मी पोहायला लागले. किती वर्षांनी, पण हातपाय आपोआप चालले. डोकं छान वर, श्वास मोकळा, कुठं म्हणून धाप नाही. मला वाटलं, पलीकडचं टोक आता आलंच. हात टेकला आणि वर बघितलं, तर समोर कोचचे पाय. मी जिथून निघाले होते तिथंच परत आले होते.

बायकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं मी मुद्दामच फेरी मारून आले. एकदोघींनी तर टाळ्या वाजवल्या. कोच मात्र उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, पोहता तर येतं तुम्हाला. पण तुम्ही निघाला होता कुठं?"

आता याची कथा सांगायला विहिरीपर्यंत जावं लागेल.

आमची विहीर मळ्याच्या मधोमध, गोल, दगडी बांधलेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हा सगळ्या भावंडांना तिच्यातच पोहायला शिकवलं. इतर ठिकाणी म्हणे पाठीला भोपळा बांधतात, डबा बांधतात. आमच्याकडे केळीचं खोड. घड उतरवला की झाड तोडायचंच असतं, त्याचं खोड हातभर कापून घ्यायचं. ते पाण्यावर असं तरंगतं की बुडवायला गेलं तर हाताला झटका देऊन वर येतं. ते पोटाशी बांधलं की पोर बुडत नाही. फक्त केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर बसला की कधीच निघत नाही. माझे सगळे परकर पोटापाशी काळे होते. आई प्रत्येक धुण्याला अण्णांच्या नावानं बोटं मोडायची.

कमरेला कासरा, म्हणजे बैलाचा दोर. त्याचं दुसरं टोक अण्णांच्या मुठीत. मी पाण्यात आणि अण्णा वर विहिरीच्या काठावरून माझ्याबरोबर चालणार. आणि चालायचं ते कसं, तर देवळात चालतात तसं. विहिरीला उलटं फिरायचं नाही असा अण्णांचा दंडक होता. पाण्यात देव असतो, त्याला प्रदक्षिणाच घालायची, म्हणून काठावरून ते आणि पाण्यातून मी, दोघंही एकाच बाजूनं गोल गोल. सरळ जायचा प्रश्नच नव्हता, सरळ गेलं तर चार हातांवर दगड. डोकंही वरच ठेवायचं, कारण पाण्यात कधीमधी विरोळा, म्हणजे पाणसाप, फिरायचा. तो काही करत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तो कुठं आहे ते कळलेलं बरं असतं.

एकाच जागी अडचण होती. मोटारीचा पाइप काठावरून बाहेर आलेला होता. अण्णा तिथं आले की धोतर सावरून पाइप ओलांडायचे. तेवढ्यात कासरा ढिला पडायचा आणि माझ्या नाकातोंडात पाणी जायचं. मग ते वरूनच सांगायचे, "थांब बाई. मला येऊ दे." मी तिथल्या तिथं पाय मारत थांबायची. ते पलीकडं उतरले, कासरा ताठ झाला की आमची वरात पुन्हा निघायची.

खोड सुटलं, कासरा सुटला, पण शरीर जे शिकायचं ते शिकून बसलं होतं. पोहणं म्हणजे उजवीकडे वळत जाणं, हे माझ्या डाव्या हातानं इतकं मनावर घेतलं होतं, की तो उजव्यापेक्षा दुप्पट पाणी ओढायचा. मला त्याचा पत्ताच नव्हता. आपण सरळ चाललोय असंच वाटायचं. गोल विहिरीत शिकलेल्या माणसाला चौकोनी तलावात टाकेपर्यंत हे कळणार तरी कसं?

तलावाचा नियम साधा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबी पोहायची. बाजूच्या दोरीला हात लागता कामा नये, काठाला लागता कामा नये. एवढं केलं की खोल पाण्यात जायची मुभा. नाही केलं, तर उथळ भागात, फेसाची फळी धरून पाय मारत बसायचं. तिथं सगळ्या बायका 'बेडा' म्हणणाऱ्या. आणि त्यात मी.

मला याचं वाईट वाटण्याचं कारण नुसतं हसं होणं नव्हतं. हसं होण्याची मला सवय आहे, मी एकत्र कुटुंबात राहते. कारण होतं अण्णा. मी बॅचला नाव घातलं त्या दिवशी उत्साहात त्यांना फोन केला होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि केळी निघाल्यावर ते ऑपरेशनला लातूरलाच येणार होते, माझ्याकडं.

"डोळं झालं की तुला पवताना बघायला येतो," अण्णा म्हणाले. "लई वर्सं झाली. मी तर समद्यांला सांगून ठेवलं, आमची बाई लातुरात पवून राहिली म्हणून."

"या की," मी म्हणाले. तेव्हा मला कुठं माहीत होतं की मी पवून नाही, फिरून राहिले होते.

आता म्हातारा माणूस नव्या डोळ्यानं पहिलं काय बघणार, तर आपली लेक पोराबाळांच्या पाण्यात फळी धरून बसलेली. छे. काहीही करून अण्णा येईपर्यंत मला ती एक लांबी सरळ जायची होती.

मी जिद्दीनं कामाला लागले आणि सगळं आणखी बिघडलं. कोच सांगायची, डावा हात हळू ओढा. मी डाव्या हाताकडे लक्ष दिलं की पाय थांबायचे. पायाकडे लक्ष दिलं की श्वास चुकायचा. तोंड पाण्यात घालून खाली बघत पोहा म्हणाली, तर मला पाण्याखालची फरशी दिसायची आणि डोकं विरोळा दिसल्यासारखं उसळून वर यायचं. घरी दिवाणावर पालथी पडून मी हात मारायची. माझ्या नवऱ्यानं एकदा दारातून बघितलं, पंखा वाढवला आणि निघून गेला.

तिकडे जावेचं वेगळंच चाललेलं. तिला काही येतच नव्हतं, त्यामुळं तिला काही विसरायचंही नव्हतं. कोचनं तोंड पाण्यात घाल म्हटलं, तिनं डोळे मिटून, मनात काहीतरी पुटपुटत घातलं. बुडबुडे सोड म्हटलं, सोडले. पंधरवड्यात ती फळी सोडून तरंगायला लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे हात असे नेटके चालायला लागले, की जणू पोळ्या लाटतेय. मी तिला म्हणाले, "कसं गं जमतं तुला?" ती म्हणाली, "मला काय म्हाईत अक्का. ती म्हणती तसं करते." मला तिचा रागच आला. पण तिचंही खरं होतं. परवा आमच्या नव्या सुनेनं मला विचारलं, भाकरी थापताना फिरते कशी? मी परातीपुढं बसून पाच मिनिटं विचार केला आणि भाकरी फाटली. जे हाताला येतं ते तोंडाला सांगता येत नाही, आणि तोंडानं हाताला सांगायला गेलं तर हात ऐकत नाही.

पहिली परीक्षा झाली. जाऊ सरळ गेली. हळूहळू, नाकात पाणी जात असल्यासारखा चेहरा करून, पण रेघ मारल्यासारखी सरळ. पलीकडच्या टोकाला हात लावून ती ओरडली ते कानडीत. मग माझी पाळी. मी निघाले, मधल्या रेषेवर डोळे ठेवायचे ठरवून निघाले, आणि अर्ध्यावर उजवीकडच्या दोरीत माझा हात अडकला. दोरीतून सुटायला गेले तर शेजारच्या बाईला लाथ बसली. शिट्टी. जाऊ पास, मी नापास. घरी येताना स्कूटीवर ती पुढं आणि मी मागं. ती काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा. मला मात्र तो मोठेपणा सहन होईना. चौकात पोहोचेपर्यंत मी तिच्याशी ब्रेकवरून भांडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कोचनं मला बाजूला घेतलं. "काकू, मी काल तुमच्याकडे नुसती बघत होते. शिकवलं नाही. एक विचारू का? तुम्ही दर चार हातांनी डावीकडे वर कुणाकडे बघता?"

"कुणाकडे नाही."

"बघता. मान डावीकडे जाते, वर जाते, तिथं काहीतरी शोधल्यासारखी थांबते आणि मग अंग उजवीकडे वळतं. माझ्याकडे बघत असाल असं मला वाटलं, म्हणून मी उजवीकडे जाऊन उभी राहिले. तरी डावीकडेच."

मी वळून बघितलं. डावीकडे तलावाचा काठ, त्याच्यावर फरशी, फरशीवर कुणी नाही. आणि मला एकदम कळलं की तिथं कोण आहे. धोतराचा सोगा हातात घेतलेला, दुसऱ्या मुठीत कासरा. चाळीसएक वर्षं मी पाण्यात पाय टाकला नव्हता, पण मान अजून त्यांना बघून खात्री करून घेत होती. डोळ्यांत पाणी आलं. तलावात असल्याचा फायदा हा, की ते कुणाला दिसत नाही.

मी कोचला विहीर सांगितली, प्रदक्षिणा सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मग तुमचं चुकीचं नाही काकू, फक्त पक्कं आहे. पक्कं पुसत बसायचं नाही, त्याच्या शेजारी दुसरं पक्कं करायचं." मग दोन गोष्टी ठरल्या. श्वास घेताना मान उजवीकडेच काढायची, डावीकडे नाहीच. आणि दुसरी गोष्ट सुचली ती जावेला.

"स्कूटी शिकताना मला सांगत व्हते, खड्ड्याकडं बघू नका, खड्ड्यात जाताल," ती म्हणाली. "अक्काला तसं काहीतरी समोर ठेवा की बघायला. हाताचं इचार करत बसल्या की त्यांचं हातच चुकतंय."

आणि ती स्वतःच पलीकडच्या टोकाला जाऊन काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. पाण्याखालून पोहायच्या चष्म्यातून बघितलं की अर्ध्या वाटेनंतर तिची जोडवी दिसायची, दोन चांदीचे ठिपके. कोच म्हणाली, "हात, पाय, श्वास, सगळं विसरा. त्या जोडव्यांकडे जा." आणि गंमत अशी, की हातांचा विचार सोडला आणि हात शहाण्यासारखे वागायला लागले. लगेच नाही. आधी मी जोडव्यांच्या उजवीकडे, मग थोडी कमी उजवीकडे, मग एकदा थेट तिच्या पायाला धडकले. त्यातही मधेच कितीदा मान डावीकडे जायचीच. रोज सकाळी असं चाललेलं. एक दिवस तर काहीच जमलं नाही, मी चिडून लवकर घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले तर सगळं आपोआप. रात्री झोपेत कुणीतरी येऊन माझे हात नीट लावून ठेवले असावेत असंच वाटलं.

अण्णा एसटीनं आले, हातात केळीचा घड घेऊन. लातुरात केळी मिळत नाहीत असा त्यांचा समज आहे. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला आणि ते दिवाणखान्यात एखाद्या गुप्त पोलिसासारखे बसून राहिले. रोज विचारायचे, "कवा दावती?" मी म्हणायची, "रविवारी." त्या रविवारी पुढची परीक्षा होती आणि त्या दिवशी घरच्यांना आत यायला परवानगी होती. परीक्षा आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं माझी कसली परीक्षा?

रविवारी आम्ही गेलो. माझ्या नवऱ्यानं अण्णांना डावीकडच्या बाकावर बसवलं. डावीकडेच बाक होते, त्याला कुणी काय करणार. मी टोपी घातली तशी अण्णांनी काळा चष्मा वर करून बघितलं. "ही आमची बाई का?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

जाऊ सवयीनं पलीकडे जाऊन पाय सोडून बसली. कोचनं तिला उठवलं. "आज नाही. परीक्षेला खुणा नसतात."

म्हणजे समोर जोडवी नाहीत आणि डावीकडे खरेखुरे अण्णा. मी पायऱ्यांनी पाण्यात उतरले, शिट्टी वाजली आणि भिंतीला पाय मारून निघाले.

सुरुवात बरी झाली. तळाची काळी रेघ खालून मागं जात होती. उजवीकडे श्वास, पाण्यात बुडबुडे, उजवीकडे श्वास. अर्ध्या वाटेवर आले आणि मला डावीकडे ते जाणवायला लागले. पाण्यात कान बुडलेले असतात, ऐकू काही येत नाही. पण मानेला ठाऊक होतं. फक्त एकदा बघावं. आहेत का, नीट बसलेत का, बघतायत का. मान वळली की हात ओढणार, हात ओढला की दोरी, हे मला चांगलं माहीत होतं. तरी बघावंसं वाटत होतं, आणि सगळ्यात अवघड काही असेल तर ते होतं. मी समोर, जिथं जोडवी असायची तिथं डोळे रोवले आणि गेले. नाही बघितलं. एकदाही नाही. हाताला टोकाची फरशी लागली तेव्हा मला ती भिंत आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

वर आले तर कोच हसत होती, जाऊ दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, आणि सुरक्षारक्षक कुणावर तरी ओरडत होता. "ओ बाबा, इथं चपला चालत नाहीत. खाली बसा." मी वळून बघितलं. अण्णा बाकावर नव्हते. ते माझ्या डोक्यावर, याच टोकाला, काठावर उभे होते. धोतर घोट्यापर्यंत ओलं, काळा चष्मा नाकावर घसरलेला, धाप लागलेली.

"अक्का, अण्णा सगळ्या वाटंनं तुमच्यासंगं चालत आले की," जाऊ म्हणाली. "तुम्ही निघाल्या तशी उठले. मूठ अशी धरून."

तिनं कमरेपाशी मूठ धरून दाखवली. मला ती मूठ दाखवायची गरज नव्हती.

"मी बघितलंच नाही अण्णा," मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा वर ढकलला. "बरं केलंस न्हाई बघितलं ते. बघितलं असतं तर वळली असतीस." मग म्हणाले, "सरळ लई भारी पवती बाई तू. मला न्हाई शिकवता आलं असं."

ते खुशीत होते, अगदी मनापासून. मला मात्र एकाच वेळी फार आनंद झाला आणि फार वाईट वाटलं, दोन्ही सारखंच. कोच यादीवर टिक करत होती, पुढची बाई टोपी नीट करत होती. मी आता कधीही खोल पाण्यात जाऊ शकत होते, परवानगी होती.

म्हणून गेले. पलीकडचा खोल भाग तेवढा मोकळा होता. मी डोकं वर काढलं, मान डावीकडे वळवली आणि जुन्या पद्धतीनं पोहायला सुरुवात केली. डावा हात लगेच खूश झाला. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, चपला काढून बाकाखाली सारल्या आणि काठावरून चालायला लागले. देवळातल्यासारखे, सुलट्या अंगानं. मागून कोच म्हणाली, "काकू, हे काय?" पण शिट्टी तिनं वाजवली नाही.

कोपऱ्यावर पाण्यात उतरायची लोखंडी शिडी होती, तिचे दांडे काठावर वर आलेले. अण्णा तिथं आले आणि थांबले. वाट अडलेली, फरशी ओली, एक डोळा अजून कच्चा. त्यांनी एका हातानं दांडा धरला, दुसऱ्यानं धोतर सावरलं आणि पाय उचलला. पूर्वी पटकन जायचे. आता वेळ लागत होता.

"थांब बाई," ते म्हणाले. "मला येऊ दे."

मी तिथल्या तिथं पाय मारत थांबले.